'वर्षावनातून वेचलेले' ब्राझील नट : जंगल खरंच वाचतं की नुसतं पाकिटावरचं वाक्य?

खारुताई :

जाणकारांनी जरा मदत करावी. ब्राझील नटच्या एका पाकिटावर लिहिलंय की हे नट 'ॲमेझॉनच्या वर्षावनातून हातांनी वेचलेले' आहेत आणि ते घेतल्याने 'जंगलाचं रक्षण होतं, स्थानिक कुटुंबांना आधार मिळतो'. सोबत पोपटाचं चित्र. आसाई या ॲमेझॉनी फळाच्या भुकटीवर आणि कोपाइबा नावाच्या झाडाच्या तेलावरही असंच काहीबाही वाचलंय. वाचून बरं वाटतं आणि लगेच संशयही येतो. जंगलातून माल काढून न्यायचा आणि त्यानेच जंगल वाचायचं, हे गणित मला उलटं वाटतं.

माझ्या शंका अशा : सगळ्या बिया वेचून नेल्या तर नवीन झाडं कुठून येणार? एवढी मागणी आहे तर लोक सरळ बागा का लावत नाहीत, म्हणजे जंगलात पाऊल ठेवायलाच नको? आणि पैसा शेवटी जातो कोणाकडे?

भावाचं म्हणणं, हे सगळं विक्रीखात्यातल्या कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

तिरकस :

भावाला माझा नमस्कार सांगा.

१९८९ मध्ये अमेरिकेत वर्षावनातल्या नटांचं एक आइस्क्रीम निघालं होतं. रबर काढणाऱ्या गरीब लोकांच्या सहकारी संस्थेकडून नट घेऊ, जंगल वाचवू, अशी जाहिरात. आइस्क्रीम धो धो खपलं. सहकारी संस्थेला तेवढा पुरवठा झेपणारच नव्हता, आणि बहुतेक नट नेहमीच्याच व्यापाऱ्यांकडून घेतलेले निघाले. डब्यावरचं जंगल मात्र हिरवंगार होतं. तेव्हापासून पोपट दिसला की मी पाकीट परत ठेवतो.

चाळणी :

खारुताई, प्रतिसाद लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी काही वर्षं युरोपातल्या सुक्या मेव्याच्या एका आयातदाराकडे माल तपासणीचं काम केलं. ब्राझील नट माझ्या वाट्याला आला कारण बुरशीच्या कटकटीमुळे तो बाकी कोणालाच नको होता. त्या निमित्ताने बोलिव्हियातल्या रिबेराल्ताला जाणं व्हायचं. नावात ब्राझील असलं तरी निर्यातीत बोलिव्हिया पुढे आहे, आणि सोललेल्या नटाची मुख्य बाजारपेठ म्हणजे हे बेनी नदीकाठचं गाव. लाल धूळ, मोटारसायकली आणि हंगामात गावभर नट भाजल्यासारखा वास. त्यामुळे मी जे लिहितेय ते गोणी, ओलावा आणि पावत्या यांच्या बाजूने पाहिलेलं आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही.

तुमची दुसरी शंका आधी घेते, कारण तिच्यात बाकीच्यांची अर्धी उत्तरं आहेत.

हे झाड चाळीस-पन्नास मीटर उंच जातं आणि शेकडो वर्षं जगतं. त्याचं फूल झाकणबंद असतं. पाकळ्यांची एक जाड टोपी परागकोशांवर घट्ट बसलेली, आणि ती उचलून आत शिरण्याइतकी ताकद फक्त मोठ्या मधमाश्यांत असते : ऑर्किड माश्या, भुंग्यासारख्या सुतारमाश्या वगैरे. या झाडाला वर्षातले थोडेच महिने फुलं असतात. उरलेल्या महिन्यांत या माश्यांना दुसरी फुलं लागतात, घरटी करायला मेलेलं लाकूड, ढोल्या, माती लागते. म्हणजे भोवतीचं आख्खं जंगल लागतं. बागा लावायचे प्रयत्न ब्राझीलमध्ये झाले आहेत. झाडं वाढतात, पण फळं जंगलातल्यासारखी धरत नाहीत. याचा उलटा पुरावा रस्त्याच्या कडेला उभा असतो. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे, म्हणून जंगल जाळून कुरण करणारे तेवढी झाडं ठेवतात. तिथल्या पारा राज्याच्या दक्षिणेला, माराबा शहराच्या बाजूला अशी कुरणं आहेत : गवतात गुरं आणि मध्येच एकेक उंच खांब. बरीचशी आगीने होरपळून मेलेली, जी जिवंत आहेत तीही फारशी फळत नाहीत. कायदा पाळला गेला, झाड वाचलं, आणि त्याचा कोणाला उपयोग उरला नाही. तिथले लोक त्याला नटांच्या झाडांचं कब्रस्तान म्हणतात.

म्हणजे ज्याला नट विकायचा आहे त्याला नुसतं झाड राखून चालत नाही, भोवतालही राखावा लागतो. पाकिटावरच्या वाक्यात जो काही खरेपणा आहे तो इथून येतो.

आता वेचणी. फळ तयार व्हायला चौदा-पंधरा महिने लागतात. लाकडी कवच, वजन दोन किलोपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पाऊस लागला की ती आपोआप पडतात. झाडावर चढून कोणी काढत नाही, चढणं शक्यही नाही. वारा सुटला असेल तर झाडाखाली कोणी जात नाही, कारण त्या उंचीवरून डोक्यात पडलं तर माणूस जागीच संपतो. बरेचसे जाणते लोक मुख्य पडझड होऊन जाईपर्यंत थांबतात. मग फळं एका जागी गोळा करायची, कोयत्याने त्यांचा माथा उडवायचा. आत दहा ते पंचवीस बिया संत्र्याच्या फोडींसारख्या लागून बसलेल्या असतात. त्या पाठीवरच्या टोपलीत भरून पायवाटेने नदीपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत आणायच्या. भर पावसात, चिखलात, गोणी पाठीवर घेऊन. 'हातांनी वेचलेले' हे तीन सेकंदांत वाचून होतं.

बियाण्याची शंका रास्त आहे. २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता : ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या २३ ठिकाणच्या झाडांची मोजणी. जिथे पिढ्यान् पिढ्या दाबून वेचणी झाली, तिथे जुनी झाडं भरपूर पण लहान झाडं जवळजवळ नाहीत, असं दिसलं. त्यावरून बरीच खळबळ झाली. नंतरच्या संशोधकांचं चित्र इतकं काळं नव्हतं, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. या बियांची पेरणी मुख्यतः अगूटी करतो. खारीच्याच गणातला, सशाएवढा प्राणी. ते लाकडी कवच दातांनी फोडू शकणारे प्राणी फार थोडे, त्यांतला हा एक. थोड्या बिया खातो, उरलेल्या पुरून ठेवतो आणि काही तिथेच राहून जातात. पण रोपाला वाढायला उजेड हवा असतो. त्यामुळे घनदाट जंगलापेक्षा, लोकांनी छोटा तुकडा साफ करून दोन-तीन वर्षं कसावा-भात पिकवून पडीक सोडलेला असतो तिथे रोपं जास्त जोमाने येतात. वेचणारे लोक अशी रोपं ओळखतात आणि तण काढताना राखतात. अगूटीची शिकार बेसुमार झाली तर मात्र हे सगळं कोलमडतं. हंगामात जंगलात राहणाऱ्यांचं जेवण बऱ्याचदा शिकारीवर चालतं, आणि ताटात अगूटीच असतो. हा तिढा कोणत्याही पाकिटावर लिहिलेला नाही.

(तुमच्या नावामुळे अगूटीबद्दल जरा जास्तच लिहिलं.)

पैशाचं उत्तर वेगळ्या प्रतिसादात लिहिते, ते कडू आहे.

खारुताई :

अगूटीबद्दल आभार, आडनाव बदलून घ्यावं म्हणते. पण कडू उत्तराची वाट बघतेय. मी तर हे नट रोज मूठभर खाते.

चाळणी :

अहो, मूठभर रोज खाऊ नका! ब्राझील नटमध्ये सेलेनियम प्रचंड असतं, मातीप्रमाणे कमी-जास्त. एक-दोन नट पुरे. मूठभर रोज खाल्लं तर प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली दिवसाची ४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा सहज ओलांडते. केस गळणं, नखं ठिसूळ होणं अशी लक्षणं दिसतात. हे आधी सांगायला हवं होतं.

तर पैसा. बोलिव्हियाच्या उत्तरेला, पांदो आणि बेनी या प्रांतांत, हंगामाआधी कंत्राटदार उचल देतो. रोख, तांदूळ, तेल, साखर, टॉर्चच्या बॅटऱ्या. तिथे याला आबिलितो म्हणतात. कुटुंबच्या कुटुंब नदीने आत जातं, दोन-तीन महिने राहतं. आत दुकान एकच, कंत्राटदाराचं, आणि त्याचे भाव त्याचेच. शेवटी वेचलेल्या मालाच्या पैशांतून उचल वळती होते. चांगल्या वर्षी हातात बरं काही पडतं. वाईट वर्षी माणूस पुढच्या हंगामाचं देणं घेऊनच बाहेर येतो. रबराच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे, फक्त रबराच्या जागी नट आला. ब्राझीलमध्येही हीच चाल होती, नाव वेगळं.

मग कारखाना. गोणीतला माल वाफवतात, म्हणजे कवचापासून गर सुटतो, आणि एकेक नट हाताच्या दांड्याच्या यंत्रात धरून फोडतात. बहुतेक बायका. मजुरी वजनावर, आणि अख्ख्या गराला तुकड्यापेक्षा जास्त. त्यामुळे हात अचूक लागतो आणि वेगही लागतो. मी टेबलापलीकडे बसून ओलावा मोजायची आणि समोरची बाई माझ्याकडे न बघता फोडत राहायची. माझ्या नमुन्यासाठी तिच्या ढिगातून अर्धा किलो उचलला की ती मान वर करून बघायची, कारण ते वजन तिच्या हिशेबातून गेलं की काय ही तिला धास्ती. शेवटी मी आधी वजन लिहून घ्यायला लावायला लागले.

आता बुरशी. अस्पर्जिलस जातीची बुरशी ओल्या नटांवर अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृताला घातक. युरोपने २००३ मध्ये ब्राझीलहून कवचासकट येणाऱ्या नटांवर कडक अटी घातल्या आणि तो व्यापार जवळजवळ बसला. आरोग्याच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, मी त्याच नियमावर पगार घेतला. पण त्याचा भार कुठे पडतो बघा. फळ जमिनीवर किती दिवस पडून राहिलं, फोडलेल्या बिया ओढ्यात धुऊन तरंगणाऱ्या खराब बिया काढल्या का, जमिनीपासून उंच मचाणावर वाळवल्या का, गोणी कोरड्या कोठीत होती का, यावर सगळं ठरतं. हे सगळं काम वेचणाऱ्याचं. मचाण आणि कोठी बांधायला पैसा कोण देणार? जिथे वेचणाऱ्यांची संस्था आहे, जिने कोठ्या बांधल्या, जी वाळवलेल्या मालाला वेगळा भाव देते, तिथला माल माझ्याकडे चांगला यायचा. जिथे ओला माल आणि सुका माल एकाच भावाने उचलला जातो, तिथे कोणी कशाला वाळवेल? उलट ओल्याचं वजन जास्त भरतं.

म्हणून तिरकस यांच्याशी मी अर्धी सहमत. जाहिरातींत लबाडी असते. पण दुकानातल्या पाकिटावरून जंगल वाचणं ठरत नाही हेही तितकंच खरं. माझ्या मते ते ठरतं वेचणाऱ्याचा त्या जमिनीवर हक्क आहे का, यावर. नट हे त्या हक्काला टिकून राहायचं कारण पुरवतो, बस.

उंबरपान :

चांगला धागा. चाळणीताई म्हणतात त्या हक्काच्या मुद्द्याला जोडून थोडा इतिहास.

ब्राझीलच्या आक्रे राज्यात १९७० च्या दशकात दक्षिणेकडचे पशुपालक जमिनी विकत घेऊ लागले. जंगलात रबर काढणारे आणि नट वेचणारे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते, पण कागद कोणाकडेच नव्हता. मग लोकांनी एक मार्ग काढला : झाडं कापायला टोळी आली की बायका-मुलांसकट शेकडो माणसं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. याला ते एम्पाते म्हणत. १९८० मध्ये त्यांचा एक पुढारी विल्सन पिन्येइरो याला गोळ्या घातल्या. १९८५ मध्ये रबर काढणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. शापुरीचा शिको मेंदेस हे त्यातलं सगळ्यांत ठाऊक असलेलं नाव. २२ डिसेंबर १९८८ ला स्वतःच्या घराच्या मागच्या दारात त्याचा खून झाला. एका पशुपालकाला आणि त्याच्या मुलाला १९९० मध्ये शिक्षा झाली.

त्यांची मागणी राष्ट्रीय उद्यानाची नव्हती, कारण उद्यानातून माणसंच बाहेर काढतात. जमिनीच्या खासगी तुकड्यांचीही नव्हती, कारण तुकडे विकले जातात. जमीन सरकारची, वापराचा हक्क तिथल्या समाजाचा, विकायची सोय नाही. १९९० मध्ये अशी पहिली राखीव क्षेत्रं जाहीर झाली : जानेवारीत आल्तो जुरुआ, मार्चमध्ये शिको मेंदेस यांच्या नावाचं, साडेनऊ लाख हेक्टरच्या वर.

आणि त्याच सुमारास, १९८९ मध्ये, 'नेचर'मध्ये पीटर्स, जेंट्री आणि मेंडेलसन यांचा तो गाजलेला लेख आला. पेरूत इकितोसजवळ मिशानाला एक हेक्टर जंगल मोजलं, झाडांच्या २७५ जाती, त्यांतल्या ७२ जातींचं काही ना काही बाजारात विकलं जाणारं. फळं आणि रबर कायम काढत राहिलं तर त्या हेक्टरची आजची किंमत ६,३३० डॉलर, आणि गुरांच्या कुरणाच्या हेक्टरची २,९६० डॉलर. म्हणजे जंगल उभं ठेवणंच फायद्याचं, हे आकड्यांत सिद्ध झालं.

तिरकस :

सिद्ध झालं म्हणता? मग ६,३३० सोडून २,९६० च्या मागे लागलेली ही सगळी माणसं खुळी आहेत का? शिको मेंदेसच्या नावाच्या राखीव जंगलातच आज गुरं चरतात असं वाचलंय.

चाळणी :

तिरकस, या वेळी प्रश्न अगदी वर्मी लागलाय.

त्या लेखातला हेक्टर इकितोसपासून तीसेक किलोमीटरवर, नदीकाठी. पिकलेलं फळ दुसऱ्या दिवशी बाजारात पोचू शकतं. हाच हिशेब आठवडाभर आत असलेल्या हेक्टरला लावला तर फळं तिथेच कुजतील. शिवाय सगळ्यांनीच ७२ जातींची फळं आणली तर इकितोस ती खाणार किती? भाव दोन दिवसांत कोसळेल. लेखावर ही टीका लगेच झाली होती. मला तरी तो लेख एका चांगल्या जागेच्या एका हेक्टरचं चित्र म्हणून ठीक वाटतो, अख्ख्या ॲमेझॉनचा दर म्हणून नाही.

गुरांचं आता. हो, चरतात. त्या राखीव जंगलात तोड चांगलीच झाली आहे, हे उपग्रहाच्या चित्रांत दिसतं. काही ठिकाणी बाहेरच्या लोकांनी घुसून जमिनी अडवल्या, काही ठिकाणी रबर काढणाऱ्यांच्याच मुलांनी कुरणं केली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. नट वर्षातून एकदा, तोही एल निन्योच्या लहरीवर. २०१५-१६ च्या कोरड्या वर्षांनंतर २०१७ चा हंगाम इतका पडला की भाव आभाळाला भिडले, पण विकायला माल कोणाकडे होता? आणि भाव चढला की मिश्र सुका मेवा विकणारे ब्राझील नट काढून त्या जागी दुसरं काही घालतात, मग पुढच्या हंगामात खरेदीदारच उरत नाही. रबराची तऱ्हा आणखी वाईट, जंगलातल्या रबराची गाठ मळ्यातल्या स्वस्त रबराशी. याउलट गाय कधीही विकता येते. घरात कोणी आजारी पडलं, शाळेचा खर्च आला, तर तालुक्याला न जाताही गिऱ्हाईक दारात येतं, रोख देतं. गाय स्वतःच्या पायांनी बाजारात चालत जाते, नटाची गोणी जात नाही. मला भेटलेल्या एका म्हाताऱ्या वेचणाऱ्याने चार गाई ठेवल्या होत्या आणि एम्पातेबद्दल अभिमानाने बोलायचा. त्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती, आणि त्याच्या ओसरीवर बसून मलाही वाटली नाही. चार गाई त्याला भाव पडलेल्या वर्षी उचल न घेता तगून राहू देत होत्या. चाराच्या चाळीस झाल्या की गणित बदलतं.

त्यामुळे नुसत्या बाजारावर हे चालत नाही. आक्रे राज्याने १९९९ मध्ये रबर काढणाऱ्यांना किलोमागे अनुदान द्यायचा कायदा केला. ब्राझीलच्या केंद्र सरकारची जंगलमालासाठी किमान भावाची योजना आहे : बाजारभाव त्याखाली गेला तर फरक सरकार देतं, त्यात नट, रबर, आसाई वगैरे येतात. कागदपत्रं पुरी करता आली तर. बोलिव्हियाच्या उत्तरेत १९९६ च्या जमीन कायद्यानंतर गावांना सामूहिक पट्टे मिळाले, तिथलं माप कुटुंबामागे ५०० हेक्टर. ऐकायला जहागिरी वाटते, पण झाडं इतकी विखुरलेली असतात की त्याहून लहान तुकड्यात कुटुंबाचं भागत नाही. पट्टा मिळाल्यावर गावं कंत्राटदाराशी भावाची बोलणी करायला लागली, काहींनी कारखानाच थाटला. हा फरक मला पावत्यांत दिसायचा. आधी पावतीवर कंत्राटदाराचं नाव असायचं, नंतर गावाचं यायला लागलं.

उंबरपान :

हे मान्य, लेखाबद्दल मी जरा घाईने 'सिद्ध झालं' म्हटलं. पण मग आसाईचं काय? तिथे तर मागणी जगभर आहे आणि फळ वर्षातले बरेच महिने मिळतं. ते यशस्वीच म्हणायला हवं ना?

चाळणी :

पैशाच्या बाजूने, हो. पारा राज्यातल्या ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या लोकांना आसाईने जे दिलं ते नटाने कोणाला दिलं नाही. आसाईचा माड (नारळाचा नव्हे, त्याच कुळातला) बुंध्यापासून अनेक खोडांचा असतो, फळ काढायला तो मारावा लागत नाही. त्याआधी तोच माड आतल्या कोवळ्या गाभ्यासाठी तोडला जायचा, तेव्हा फळाला भाव येणं हे माडासाठी वरदान ठरलं.

पण भाव आला म्हणून पूरमैदानातल्या जंगलात लोक बाकीची झाडं काढून माडच माड ठेवू लागले. वरून हिरवं दिसतं, उपग्रहालाही जंगलच वाटतं, आत झाडांच्या जाती कमी कमी होत जातात. शिवाय आसाईच्या फुलांनाही जंगलातल्या किडे-माश्या लागतात, म्हणजे शेवटी स्वतःच्याच पायावर धोंडा. आणि त्या बारीक खोडावर पायात दोरीचं कडं अडकवून चढायचं असतं, हलकं अंग हवं, म्हणून पोरांना चढवतात. पडून मोडलेले हात-पाय आणि पाठी ही या धंद्याची उघडी गोष्ट आहे.

आल्फ्रेदो ओमा नावाचे ब्राझीलचे कृषी अर्थतज्ज्ञ बरीच वर्षं हेच बजावत आलेत : जंगलातल्या वस्तूला मागणी वाढली की एक तर ती ओरबाडली जाते किंवा कोणीतरी तिचा मळा लावतं आणि जंगलातल्या माणसाचा भाव पडतो. रबराचं तेच झालं. १८७६ मध्ये हेन्री विकमने सत्तरेक हजार बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या, त्यांतून आशियातले मळे उभे राहिले आणि ॲमेझॉनचं रबर बसलं. ओमांचं म्हणणं मला नकोसं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी लागू पडतं. नट त्यातून आजवर सुटलाय तो त्या हट्टी फुलामुळे.

ओरबाडण्याचं उदाहरण म्हणजे पेरूतला आग्वाखे. दलदलीत वाढणारा माड, नर वेगळा, मादी वेगळी, फळ अर्थात मादीला. इकितोसला हे फळ लोक वेड्यासारखं खातात. उंच माडावर चढण्यापेक्षा तोडणं सोपं, म्हणून माद्या तोडल्या. काही दलदलीत उरले ते सगळे नर. आता पकाया-सामिरिया राखीव क्षेत्रातल्या काही गावांत पट्टे आणि कडी लावून चढून फळं काढतात. तिथल्या लोकांना जंगलाबद्दल प्रेम होतंच. पण ती दलदल आपल्या गावाची आहे आणि दुसरा कोणी येऊन माड तोडू शकत नाही, ही खात्री झाल्यावर चढायचा त्रास घ्यायला अर्थ आला.

तेव्हा कोपाइबाचं तेल असो की आसाई, मी पहिलं विचारते की माल काढल्यावर झाड जिवंत राहतं का. कोपाइबाच्या खोडाला बारीक भोक पाडून तेल काढून भोक बुजवलं तर राहतं, कुऱ्हाडीने खाच मारली तर बऱ्याचदा नाही. ॲमेझॉनमधल्या रोझवुडच्या तेलासाठी झाडच पाडायचे, म्हणून २०१० पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

खारुताई :

खूपच माहिती मिळाली. भावाला धागा पाठवलाय, तो म्हणतो 'बघ, मी सांगत होतो', आणि मी म्हणतेय 'बघ, मी सांगत होते'. आता एकच. दुकानात उभं राहून पाकीट हातात असताना करायचं काय? सेंद्रियचा शिक्का बघू का?

चाळणी :

सेंद्रियच्या शिक्क्यातून कळतं की रसायन मारलं नाही. या झाडावर तसंही कोणी मारत नाही, पन्नास मीटरवर कोण फवारणार? जमीन कोणाची, उचल किती, यावर तो शिक्का काही बोलत नाही. न्याय्य व्यापाराच्या (फेअरट्रेड) शिक्क्याला निदान किमान भाव आणि संस्थेला वरचा निधी असतो, पण प्रमाणपत्राचा खर्च छोट्या संस्थांना जड जातो, म्हणून शिक्का नाही म्हणजे माल वाईट असं धरू नका.

पाकिटावर देशाच्या पलीकडे काही लिहिलंय का बघा. संस्थेचं नाव, गाव, नदी, राखीव क्षेत्राचं नाव, काहीही. नसेल तर कंपनीला पत्र टाका आणि फुलं-पोपट सोडून हे विचारा : माल वेचणाऱ्यांच्या संस्थेकडून घेता की मधल्या व्यापाऱ्याकडून, हंगामाआधी संस्थेला आगाऊ रक्कम देता का, आणि भाव पडलेल्या वर्षी खरेदी चालू ठेवली होती का. आगाऊ रकमेचं जरूर विचारा. कंपनीने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे दिले तर संस्थेला सभासदांना स्वतः उचल देता येते आणि कंत्राटदाराच्या दारात जावं लागत नाही. माझ्या अनुभवात ज्या खरेदीदारांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं त्यांचा बाकी कारभारही बरा असायचा. ज्यांनी उत्तरादाखल रंगीत पुस्तिका पाठवली त्यांचं तुम्हीच ठरवा.

तिरकस :

मी लिहितो पत्र. पोपटवाल्यांनाच. उत्तर आलं तर इथे डकवतो.

खारुताई :

मीही, म्हणजे दोन जातील. आणि नट रोज दोनच, मोजून.